घट्ट कपड्यांचा उपयोग

"हसायचं नाही," आई आतूनच म्हणाली, आणि मग दार उघडून बाहेर आली.

मी हसले नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून मी पेपर तपासत होते. शनिवार-रविवार पुण्याहून सांगलीला यायचं आणि पेपरांचा गठ्ठा बरोबर आणायचा, अशी माझी पद्धत होती. मी मान वर केली. आईनं काळी, पायाला लपेटून बसणारी टाइट्स घातली होती आणि वर माझा कॉलेजातला जुना टी-शर्ट. साठी उलटलेल्या माझ्या आईला मी दिवसा साडीत आणि रात्री गाऊनमध्ये पाहिलं होतं. तिसरा प्रकार हा पहिलाच.

"हसलीस."

"नाही हसले."

"डोळ्यांनी हसलीस. असू दे." तिच्या हातात टाइट्सचं रिकामं खोकं होतं. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिनं वाचायला सुरुवात केली. "स्नायूंना आधार. ताकद वाढते. दमणूक कमी. धावणे, सायकल, बर्फावरचे खेळ, सगळ्यांसाठी उपयुक्त. आता तू सांग, गार्गी, हे घालून खरंच काही उपयोग होतो का? तू वाचलं असशील."

'तू वाचलं असशील' हे आमच्या घरातलं शेवटचं न्यायालय होतं. कुकरच्या शिट्टीपासून शेजाऱ्यांच्या मोतीबिंदूपर्यंत सगळे खटले तिथे यायचे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही, हा बचाव तिथे चालत नसे.

"खरं सांगू का बरं सांगू?"

"आधी बरं."

"रंग छान आहे."

"काळाय."

"म्हणून तर."

येत्या फेब्रुवारीत ती औलीला जाणार होती, बर्फावर स्कीइंग शिकायला. एकटी नव्हे. तरुणपणी ती ज्या खो-खोच्या संघात होती, त्या संघातल्या जमतील तेवढ्या सगळ्याजणी निघाल्या होत्या. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला नातवंडं झालेली, कुणाला दोन्ही. कल्पना शालनमावशींची. त्या संघाच्या कॅप्टन होत्या आणि त्या पदाचा राजीनामा त्यांनी अजून कुणाकडे दिलेला नव्हता.

"आई, गुडघ्यापाशी चुण्या पडल्यात."

"एक नंबर मोठी घेतली."

"का?"

"का म्हणजे? कपडा थोडा वाढत्या अंगाचा असावा."

"तू आता आणखी किती वाढणार आहेस?"

"धुतल्यावर आटली तर?"

मी पेन खाली ठेवलं. माझा शाळेचा गणवेश मला नेहमी मार्चमध्ये अंगाला बसायचा आणि एप्रिलमध्ये शाळा संपायची. पण तो गणवेश होता. "अगं, ही घट्ट बसावी म्हणूनच असते. दाबून धरणं हेच तिचं काम. सैल घेतलीस तर ती नुसती महागातली पायजमा झाली."

"पायजमा पुल्लिंगी असतो," आई म्हणाली. "आणि घट्टच आहे. साडीपेक्षा तर घट्ट आहे. तू आधी उपयोगाचं सांग."

मी गठ्ठा बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला. सकाळची दुपार झाली. मध्ये आईनं भात टाकला, आमटीला फोडणी दिली, आणि दर थोड्या वेळानं टाइट्सवरच पदर खोचल्यासारखा टी-शर्ट खोचत येऊन विचारलं, "कुठवर आलं?" मी नॉर्वेत होते, मग ऑस्ट्रेलियात. एका ठिकाणी स्कीइंग करणाऱ्यांनाच घट्ट कपडे घालून उड्या मारायला लावलं होतं.

"मारल्या का?"

"मारल्या."

"उंच?"

"नेहमीएवढ्याच. ऐक. ताकद वाढते, वेग वाढतो, याला फारसा पुरावा नाही. दुसऱ्या दिवशी अंग थोडं कमी दुखतं, असं बऱ्याच जणांना आढळलंय. पण ज्याला घातलंय त्याला ते घातलेलं कळतंच ना. त्यामुळे खरंच कमी दुखतं की त्याला तसं वाटतं, हे वेगळं काढणं अवघड."

"दुखत नाही असं वाटलं, म्हणजे दुखत नाही. त्यात वेगळं काय काढायचं?"

"शास्त्रात तसं चालत नाही."

"मग असं करू. मी एका पायात घालते, एक पाय उघडा ठेवते. रात्री तू दोन्ही पायांना वेगवेगळं विचार."

"हा प्रयोग कुणीतरी केलेला असणार," मी म्हणाले आणि खरंच शोधायला लागले. आईनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि ताट वाढलं.

लहानपणचं तिनं जेवताना सांगितलं. आजोबा तिला परकर घातल्याशिवाय घरातून बाहेर पडू देत नसत. त्यामुळे परकराखाली खेळाची चड्डी घालून ती मैदानावर जायची, तिथे कडुनिंबाआड परकर सोडायचा, तो शालनमावशींच्या परकराबरोबर फांदीवर टाकायचा. एकदा वाऱ्यानं दोन्ही परकर पंचांच्या अंगावर गेले. "तेव्हा आम्ही जिंकत होतो," आई म्हणाली. "पंच आधीच आमच्यावर चिडलेला होता."

संध्याकाळी तिनं टी-शर्ट बदलून गुडघ्यापर्यंतचा कुडता चढवला आणि पायात बूट घातले. दारात बराच वेळ उभी राहिली.

"आमराईला चक्कर मारून येते. येतेस?"

"एवढे पेपर संपवते."

गेली. अंधार पडायच्या आत परतही आली. बूट काढता काढता म्हणाली, "कुणी बघितलंसुद्धा नाही."

"वाईट वाटलं?"

"थोडंसं. एवढं धाडस करून बाहेर पडावं आणि एका माणसानं नाव ठेवू नये म्हणजे काय!"

"मी ठेवते की."

"तू कसली ठेवतेस? तू आधी पुरावा मागशील." मग कुडता वर करून तिनं गुडघ्याच्या चुण्या बघितल्या. "सोमवारी बदलून आणते. तू म्हणतेस तर घट्टच आणते."

रविवारी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिला काही कळलं नसणार, असंही म्हणाले. याला पुरावा काय, असं मी त्यांना विचारलं नाही.

*

चौदाव्याला पानं उठल्यावर शालनमावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. उंच, खांद्यात रुंद बाई, आवाज मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. त्या दिवशी त्यांनी तो घरात मावेल एवढा केला होता.

"औलीच्या यादीतलं हेमाचं नाव मी काढलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मावशी, पैसे परत मिळतील. मी बोलते त्यांच्याशी."

"पैशाचं कोण बोलतंय? खेळाडू बाद झाला की बदली उतरतो. तू येणार आहेस."

"मला बर्फाचं काही येत नाही."

"आम्हाला येतंय होय? आम्ही काय हिमालयात जन्मलोय?"

मी दोन दिवसांनी त्यांना फोन केला. स्कीइंगमध्ये गुडघ्याला किती जणांना इजा होते, त्यात नवशिकी किती, चाळिशीच्या आसपासच्या बायका किती, हे मी वाचून काढलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं वाचून?"

"हो."

"मग बॅग भर की."

बॅग भरताना आईची टाइट्स मी तशीच घेतली. बदलून आणायची राहिली होती. आम्हा दोघींची चण सारखी, त्यामुळे चुण्याही त्याच जागी पडल्या.

औलीला आम्ही सात जणी होतो. मला धरून. शिकवायला नेगीजी म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ होते, उन्हानं चेहरा तांब्यासारखा झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला बूट चढवून ओळीत उभं केलं आणि बुटांखालच्या दोन्ही लांब स्की-पट्ट्यांची टोकं पुढे जुळवून दाखवली. "पिझ्झा बनाइए, माताजी. पिझ्झा बनाएँगे तो रुक जाएँगे."

"माताजी कुणाला म्हणतोय हा?" शालनमावशी म्हणाल्या. "नेगीजी, कॅप्टन बोलो. और पिझ्झा नहीं, समोसा. पिझ्झा इनमें से किसी ने बनाया नहीं है."

त्या दिवसापासून समोसा. डोंगरउतारावर बायका ओरडत यायच्या, "समोसा! अगं, समोसा कर!" आणि हॉटेलात उतरलेले लोक चहावाल्याकडे समोसे आहेत का, म्हणून विचारायचे.

मुमताजमावशी मिरजेच्या. त्यांनी घट्ट-बिट्ट काही घातलं नव्हतं. आत लोकरीची विजार, वर नवऱ्याचा पायजमा, त्यावर भाड्याची बर्फातली पँट. संध्याकाळी शेगडीभोवती बसलो की मी माझ्या पोटऱ्या चोळत असे आणि त्या पाय पसरून शेंगा खात असत.

"काय गं, तुझी ती दाबायची विजार काय म्हणते?"

"सैल आहे, मावशी. दाबत नाही."

"मग कशाला घालतेस? काढ."

"नको."

"थंडीला बरी असेल."

"थंडीलाही फारशी नाही."

मुमताजमावशींनी शेंगांची मूठ माझ्या हातात दिली.

उतारावर निघण्याची या बायकांची एक रीत होती आणि तिच्यापुढे नेगीजींनी दुसऱ्या दिवशीच हात टेकले. कुणीही आपणहून निघायचं नाही. खो-खोत बसलेला गडी जसा खो मिळाल्याशिवाय उठत नाही, तसं. वर सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. मागची येऊन पुढचीच्या पाठीवर हात ठेवणार आणि 'खो' म्हणणार. मग ती निघणार, आणि खो देणारी तिच्या जागेवर उभी राहणार. एकदा खो मिळाला की मागे फिरायचं नाही, थांबायचं नाही. आपण घाबरलोय का, थंडी वाजतेय का, हे विचारायला वेळच उरत नसे. मी मनातल्या मनात मान्य केलं की ही पद्धत मी वाचलेल्या सगळ्या पद्धतींपेक्षा बरी होती.

पण त्यात मी बसत नव्हते. खालच्या लहान उतारावर मी शिकले, पडले, उठले. वरच्या मोठ्या उताराशी मात्र मी 'आधी तुम्ही' म्हणत मागे राहायचे आणि सगळ्या गेल्या की नेगीजींचा हात धरून, आडव्या पट्ट्या टाकत, पायऱ्या उतरावं तशी खाली यायचे. एकदा मला खो द्यायला सांगितलं. मी मुमताजमावशींच्या पाठीवर हात ठेवला. त्या हलल्या नाहीत.

"दिला की, मावशी."

"कधी?"

"हात लावला ना."

"हात तर वारापण लावतोय. तोंडानं म्हटलंस?"

"म्हटलं."

"मला नाही ऐकू आलं. मनातल्या मनात दिलेला खो चालत नाही, बाळा. फाऊल धरतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पुन्हा म्हणाले, आणि तेही त्यांना पुरेसं वाटलं नाही. शेवटी शालनमावशींनीच कुठून तरी 'खो!' म्हणून हाळी दिली आणि मुमताजमावशी निघून गेल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. समोर बर्फाची शिखरं इतकी जवळ आली होती की त्यांच्याकडे बघताना मोठ्यानं बोलायचा संकोच वाटावा. एकेक करून सगळ्या खाली गेल्या. नेगीजीही खाली जाऊन उभे राहिले. वर मी आणि शालनमावशी उरलो.

"आज हात धरून न्यायला कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं त्यांना खाली जायला."

"मावशी, मी चालत येते."

"ये की. कोण नको म्हणतंय?" त्यांनी हातमोजा काढून नाक पुसलं. "एक सांगायचं राहिलं होतं तुला. त्या शनिवारी संध्याकाळी हेमाचा फोन आला होता मला. आमराईतनं घरी आल्यावर."

मी पट्ट्या आडव्या करून त्यांच्याकडे वळले.

"म्हणाली, 'शालन, लेक सकाळपासनं माझ्या पायांवर अभ्यास करतेय. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी काय लिहून ठेवलंय, ते सगळं वाचलं तिनं. पेपर तसेच ठेवले.' इतकी खूश होती! म्हणाली, 'माझ्या पायांची एवढी चौकशी उभ्या जन्मात कुणी केली नव्हती.'"

"मी तर उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं."

"ते ती विसरलीच होती. मी विचारलं, मग काय ठरलं, घालायची का नाही? तर म्हणाली, 'ते काय ठरलं लक्षात नाही, पण मी घालणार आहे.'" शालनमावशी हसल्या. "फक्त म्हणाली, 'कशी दिसते, ते तेवढं सांगितलं नाहीन. विचारायला मला लाज वाटली.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, बगळा काळा असता तर दिसला असता तशी दिसत असशील."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी तो काढला. चष्म्याशिवाय उतार नुसताच पांढरा दिसत होता, खोली न कळणारा.

त्या संध्याकाळी मी एकही पेपर तपासला नव्हता. आई जिना उतरल्याबरोबर मी बाल्कनीत गेले होते. कोपऱ्यापर्यंत ती कुडता खाली ओढत, भिंतीच्या कडेकडेनं गेली. कोपऱ्यावर विजेचा खांब आहे. तिथे तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग ती पळाली. दोन ढांगा इकडे, दोन तिकडे, कुणीतरी मागे लागल्यासारखी, आणि एका हातानं खांब धरून, सगळं अंग बाहेर झोकून, त्या खांबाला वळसा घालून गेली. कुडता उडाला. पाय दिसले. ते माझ्या आईचे पाय होते, पण मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मग ती थांबली, केस नीट केले, आणि पोस्टातून सुटून घरी चाललेल्या बाईसारखी आमराईच्या दिशेनं चालायला लागली. मी आत येऊन पेपर पुढ्यात घेतले. ती परत आली, 'कुणी बघितलंसुद्धा नाही' म्हणाली, आणि मी थट्टा केली. आमच्या दोघींत सगळी देवघेव थट्टेवरच चालायची. त्यात कधी काही कमी पडलं नव्हतं.

"मी बघितलं होतं तिला," मी म्हणाले.

"काय?" शालनमावशींच्या कानावर टोपी आणि टोपीवर हेल्मेट होतं.

"काही नाही."

"काही नाही कसं? ओठ हलले की."

"मी बघितलं होतं तिला. मावशी, ती..."

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "आणि हे असं पुटपुटून कुणाला ऐकू जाणार आहे?"

मी चष्मा चढवला. खाली सहा ठिपके उभे होते. एकीनं हात वर केला होता. बहुधा मुमताजमावशी. मी पट्ट्या सरळ केल्या. टाइट्सनं पायांना कुठेही धरून ठेवलं नव्हतं. गुडघ्यापाशी ती नेहमीसारखी गोळा झाली होती.

पाठीवर हात पडला. सगळा पंजा, दोन खांद्यांच्या मधोमध. ढकललं नाही, नुसता ठेवला. आणि कानाशी, समोरच्या डोंगरावर जाऊन परत येईल अशी हाळी आली, "खो!"

मी निघाले. मागे फिरायचं नाही, एवढंच लक्षात होतं. उतार पायाखालून सरकायला लागला, मग पळायला लागला. खालून कुणीतरी "समोसा! समोसा!" ओरडत होतं. मी टोकं जुळवायचा प्रयत्न केला. ती जुळली, पुन्हा सुटली. डावीकडे झुकले, तर सगळं अंग डावीकडे गेलं, आणि मी पडले नाही, वळले. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. उताराच्या मध्यावर, जिथे वरच्यांना ऐकू येणार नाही आणि खालच्यांना समजणार नाही, तिथे माझं तोंड उघडलं, आणि मी ओरडले, घसा फाटेल एवढ्या मोठ्यानं ओरडले:

"आई! मी बघितलं होतं गं तुला! खांबापाशी वळलीस ना, तेव्हा! काय सुंदर दिसत होतीस तू!"